फ्रीजरपुरता बर्फ

मित्रांनो, मी एक जुनी दांडी आहे, बर्फ खरवडणारी. दुकानात मला आइस स्क्रॅचर म्हणतात. मला एक जुळी बहीण आहे. मी डावी, ती उजवी. आम्ही सिंगापूरला बुकित पंजांगमधल्या एका फ्लॅटमध्ये राहतो, स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये. इथे पंखा बारा महिने चालू असतो. बर्फ खरवडणारीचं इथे काय काम, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारत आले. आणि आधीच सांगून ठेवते, मी काही फार मोठ्या मनाची नाही. माझ्या गोष्टीत मत्सर पुष्कळ आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. पोलादाची जाड तार तापवून तिला स्प्रिंगसारखे वेटोळे दिले, लांब शेपूट ठेवलं आणि शेपटाच्या टोकाला एक कठीण धातूचा कण बसवला. तो कण म्हणजे माझं सगळं वैभव. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावरही तो ओरखडा काढतो.

स्नोमोबिल म्हणजे बर्फावर धावणारी गाडी. तिच्या मागच्या भागात एक रुंद रबरी पट्टा फिरत असतो. तो भुसभुशीत बर्फ उडवतो, तो बर्फ गाडीच्या पोटातल्या नळ्यांवर पडतो आणि इंजिन गार राहतं. पण रस्ता गोठून टणक झाला की उडायला काही उरत नाही. सगळीकडे बर्फच बर्फ, आणि गाडी मात्र तापाने फणफणलेली! अशा वेळी आम्ही खाली टेकतो, रस्ता खरवडतो आणि भुगा वर उडवतो. माझ्यात एकच अडचण आहे. मला मागे जाता येत नाही. गाडी उलटी घ्यायची असेल तर आधी खाली उतरून मला उचलायचं आणि वरच्या आकडीत अडकवायचं. नाही तर टोक रुततं आणि मी वाकते.

आमचे मालक सुबोधकाका. ते जहाजांवर इंजिनिअर होते. त्यांचा जहाजावरचा जुना सोबती मोरीसान जपानच्या उत्तरेला होक्काइदोत राहतो. त्याच्या गोठ्यात काकांनी एक जुनी स्नोमोबिल घेऊन ठेवली होती. दर फेब्रुवारीत काका आणि त्यांची मुलगी निशिगंधा तिकडे जात, आणि गोठलेल्या जंगलरस्त्याने तळ्यापर्यंत जाऊन येत. प्रेमाकाकू कधी गेल्या नाहीत. त्यांना थंडी सोसत नाही. "जा, माझ्या सवतीला भेटून या," असं म्हणून त्या बॅगेत लाडूंचा डबा कोंबत.

एका वर्षी त्या टणक रस्त्यावर गाडी इतकी तापली की बापलेकीला सारखं थांबून हातांनी तिच्या पोटावर बर्फ लोटावा लागला. परत आल्यावर काकांनी आम्हाला मागवलं. पण, मित्रांनो, एकट्या आम्हालाच नाही. त्याच खोक्यात दुसरीही एक जोडी होती, पिळलेल्या पोलादी दोरीची. हातात धरलं की मान टाकायच्या, कणा म्हणून नाहीच! त्यांच्याकडे बघून मी मनात हसले. ते माझं शेवटचं हसू.

"दोन्ही कशाला मागवल्या?" काकूंनी विचारलं.

"लोकांनी लिहिलेलं वाचून निवडायला मी काय साडी घेतोय?" काका म्हणाले. "बर्फावर घासून बघायचं."

"बर्फ कुठाय इथे?"

"मासळीवाल्याकडे."

आणि खरंच, बाजारातल्या मासळीवाल्याकडून त्यांनी बर्फाच्या दोन लाद्या आणल्या. इमारतीच्या तळाशी खांबांमधली जी मोकळी जागा असते, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे त्या लाद्या एकापुढे एक ठेवल्या. एका फळीला आम्हाला आकड्यांसकट बसवलं, वर तांदळाचं पोतं ठेवलं आणि निशिगंधाने दोरीने फळी ओढली. बर्फाला बांगड्याचा वास येत होता. पण मला त्याचं काय! आयुष्यातला पहिला बर्फ होता तो. मी असा ओरखडा काढला की भुगा थेट खांबापर्यंत उडाला.

शेजारचे टानकाका दगडी टेबलापाशी बसून कॉफी पीत होते. "व्वा, सुबोध! होल ब्लॉकला आइस कचांग देतोस आह?" आइस कचांग म्हणजे इथला बर्फाचा गोळा.

"सरबत तू आण, लाह!" काका म्हणाले.

मग दोरीवाल्या जोडीची पाळी आली. त्यांनीही भुगा काढला, पण माझ्याहून कमी. निशिगंधाने दोन्ही ढीग सुपलीत भरून दाखवले. माझा ढीग मोठा होता, हे टानकाकांनीही मान्य केलं.

त्यानंतर काका खाली बसले. त्यांनी मला उचलून आकडीत अडकवायला घेतलं. मी निसटले. पुन्हा घेतलं, पुन्हा निसटले. मला वाटलं, ते माझ्याशी खेळताहेत. लाड करताहेत माझे. त्यांनी बोटं शर्टला पुसली आणि पुन्हा एकदा प्रयत्न करून मला सोडून दिलं.

"आता न उचलताच मागे ओढ," ते म्हणाले.

निशिगंधाने ओढलं. माझी बहीण वाकली. दोरीवाल्या मात्र मागे ओढल्यावर नुसत्या उलट्या वळल्या आणि निर्लज्जासारख्या घसरत आल्या.

"ठरलं," काका म्हणाले. "या दोरीच्या."

"पण बाबा, जास्त बर्फ तर यांनी उडवला!"

"हो."

"मग? रिव्हर्सच्या आधी मी उतरून उचलीन ना. एवढं लक्षात राहणार नाही का माझ्या?"

"राहील की."

"मग तुझा विश्वास नाहीये माझ्यावर."

"भूक लागलीय, निशी. चल वर." त्यांनी लादीचा उरलेला तुकडा टानकाकांना देऊन टाकला.

निशिगंधाने त्या दिवशी ताट अर्धवट सोडलं. मी ड्रॉवरच्या कोपऱ्यात तोंड खुपसलं. आम्हा दोघींना एकच गोष्ट लागली होती.

त्यांनी माझ्या बहिणीला सरळ केलं, पुसून माझ्याशेजारी ठेवलं आणि दोरीवाल्या होक्काइदोला गेल्या. परत आल्यावर निशिगंधा फोनवर फोटो दाखवायची आणि काका काकूंना सांगायचे, "एकदाही तापली नाही गं गाडी. काय काम करतात त्या!" मी हे सगळं ड्रॉवरमधून ऐकत असे. पुढच्या हिवाळ्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. मला वाटे, त्यांच्या पिळात एखादं गवत अडकावं, गंज चढावा, निदान एकदा तरी गाडी तापावी. मित्रांनो, मी असं मागत होते, आणि त्या गाडीवर काका बसलेले असत, याचा मी विचार केला नाही.

मला काम नव्हतं असं नाही. काकूंचा फ्रीज जुना. त्याच्या फ्रीजरमध्ये बर्फाचे थर चढत आणि खवलेल्या नारळाचे पुडे आत चिकटून बसत. एके दिवशी त्यांनी सुरी शोधताना मला उचललं. "ही बरी आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या टोकाने हळूहळू थर खरवडला. तेव्हापासून माझ्या वाट्याला आला तो फ्रीजरपुरता बर्फ. नारळाचा पुडा सुटला की काकू मला फडक्याने पुसत. त्या पुसण्यात माया होती, पण मला ती दिसत नव्हती. माझं सगळं लक्ष दूरच्या त्या रस्त्याकडे होतं.

मग काकांचं होक्काइदोला जाणं थांबलं. पुढे चालणं थांबलं. गेल्या जूनमध्ये काका गेले. घरात बरेच लोक येऊन गेले, आणि नंतर बरेच दिवस कोणी फ्रीजर उघडून काही काढलं नाही. बर्फ वाढत राहिला.

जानेवारीत मोरीसानने निशिगंधाला एक फोटो पाठवला. दोरीवाल्यांपैकी एकीचे पीळ सुटले होते, झाडूसारखे. त्याने लिहिलं होतं, गाडी चालू आहे, रस्ता टणक झालाय, येणार असलीस तर नवी जोडी आण.

निशिगंधाने ड्रॉवर उघडून मला बाहेर काढलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला सुटलेल्या पिळांचं जराही वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला.

तिने मासळीवाल्याकडून लादी आणली. तीच फळी, तेच खांब. थंडीतले जाड हातमोजे घालून ती खाली बसली. घामाने तिचा चेहरा थबथबला होता.

टानकाका त्यांच्या जागेवर होते. त्यांनी काही थट्टा केली नाही. "युअर फादरचा आइस," एवढंच म्हणाले आणि कप बाजूला ठेवून दोरी धरायला आले.

प्रेमाकाकू पाणी पुसायचा मॉप घेऊन खाली आल्या. "अगं, दोरीच्याच नव्या घे ना. बाबांनी त्याच निवडल्या होत्या."

"म्हणूनच नको," निशिगंधा म्हणाली. "मी उचलायला विसरेन असं वाटलं त्याला. मी विसरत नाही, हे एकदा दाखवायचंय मला."

"कोणाला दाखवणार आहेस?"

काकूंनी मॉप खांबाला टेकवला आणि त्या दगडी बाकावर बसल्या.

"निशी, ती आकडी त्यांना लावता येत नव्हती गं. बोटांत जोरच राहिला नव्हता. त्या वर्षी शर्टाची बटणं मी लावून देत होते. मग ते गोल गळ्याचे टी-शर्ट घालायला लागले, आठवतं?"

"मला वाटलं, रिटायर झालाय म्हणून."

"तसंच वाटावं म्हणून."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, सारखं तिलाच उतरवलं तर तिला कळेल, आणि कळलं तर ती मला गाडी चालवू देणार नाही."

"नसतीच दिली."

"म्हणून."

लादी वितळत होती. पाणी निशिगंधाच्या चपलांपर्यंत आलं तरी ती हलली नाही. आणि मला, मित्रांनो, ती बोटं आठवली. तीनदा माझ्यापाशी आलेली आणि तीनदा निसटलेली. मी त्यांना लाड समजले होते. त्यांचा कंप सगळ्यांत आधी मला कळायला हवा होता. तो माझ्याच अंगावर झाला होता. पण मी मोठ्या ढिगाचा हिशेब करण्यात गुंग होते.

थोड्या वेळाने निशिगंधाने मला उचललं आणि आकडीत अडकवलं. हातमोज्यासकट, पहिल्याच प्रयत्नात. मग सोडलं. पुन्हा अडकवलं.

"मला जमतंय, आई," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

फेब्रुवारीत मी तो रस्ता पाहिला. बर्फाला कसलाच वास नव्हता. मी आणि माझी बहीण अशा काही भिडलो की भुगा वरच्या नळ्यांवर बरसत राहिला आणि गाडी तापली नाही. तळ्यापाशी रस्ता संपतो. तिथे गाडी उलटी घेऊन वळायचं असतं. निशिगंधा उतरली, वाकली आणि तिने मला आकडीत अडकवलं. मग तिचा हात तिथेच राहिला. हातमोजा काढून तिने उघड्या बोटांनी ती आकडी धरली. इतकी थंडी असूनही तिने हात लवकर काढला नाही.

आम्ही तिथेच राहणार होतो. पण काकूंनी फोनवर बजावलं, "त्या दोघींना परत आण हं. माझा फ्रीजर कोण खरवडणार?"

म्हणून आता आम्ही ड्रॉवरमध्ये परत आलो आहोत. दोरीवाल्या जोडीलाही निशिगंधाने सोबत आणलं. त्या दोघी आता माझ्याशेजारी असतात, एक पीळ सुटलेली, एक धड. काकूंनी एकदा त्यांच्यातल्या एकीने फ्रीजर खरवडून पाहिला. जमलं नाही. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. आणि अजून एक खरं सांगते. काकांचे शेवटचे हिवाळे त्या दोघींच्या वाट्याला आले, माझ्या नाही. त्यावरून मी अजून जळते. बहुधा जळत राहीन.

तुम्हालाही कधी कोणी मागे ठेवेल, मित्रांनो, आणि दुसऱ्याला पुढे नेईल. तेव्हा आपल्यात काय कमी होतं याचा शोध घ्यायच्या आधी, निवडणाऱ्याच्या हातांकडे एकदा नीट बघा. मी बघितलं नाही. आणि तुमच्या घरी एखादी वस्तू ड्रॉवरमध्ये पडून असेल, तर तिला कधीतरी बाहेर काढून पुसा. कोणाच्या तरी बोटांची आठवण ती सांभाळून असेल.

फ्रीजर उघडल्याचा आवाज येतोय. नारळाचा पुडा चिकटलेला दिसतो. मला जायला हवं.