डिस्चार्ज झाली म्हणजे काय झाली?

मी डिस्चार्ज. नावावरून एखादा आजार वाटतो, पण आहे साधा शब्द. मूळचा इंग्रजी, पण तुमच्या तोंडात इतकी वर्षं काढली की आता परत कुठे जाऊ? शिकलेली माणसं मला शब्दकोशात शोधतात. तिथे मी राहत नाही. तिथे धड पाय पसरायला जागा नाही.

आमचा थोरला भाऊ चार्ज. चार्ज म्हणजे मुळात गाडीवर माल चढवणं, आणि मी तो उतरवणारा. भाऊ उद्योगी निघाला. फी मागायला तो, आरोप ठेवायला तो, अंगावर धावून जायलाही तोच. त्याचा एक पोरगा इनचार्ज, खुर्चीत बसून रुबाब करतो. दुसरा रिचार्ज, मोबाइलवाल्यांचा लाडका. माझ्या वाट्याला उरलीसुरली कामं. धरणातून पाणी सोडलं, मी. जखमेतून पू आला, तोही मीच. सैनिकाला नोकरीतून मोकळं केलं, तिथेही मी. पू आणि सुटका एकाच नावावर! तक्रार करायची कुणाकडे?

पण माझी खरी उमर गेली बॅटरीच्या दुकानात. मालक म्हातारा, महातिरसट. ॲसिडनं पँटीला भोकं, बोटं काळी. शाळेत गेलाच असेल तर दप्तर ठेवून परत आला असेल. गिऱ्हाइकानं गाडीची बॅटरी आणली की तो मीटर लावायचा, काटा पडलेला बघायचा आणि म्हणायचा, "डिस्चार्ज झाली." मग ती चार्जिंगला लागायची. चार्ज धरला तर ठीक, नाहीतर भंगारात. त्याच्या तोंडी माझा अर्थ एकच, जीव गेला.

दुकानात त्याच्यावर आवाज चढवणारं माणूस एकच, त्याची बायको. तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन करावं लागलं. म्हाताऱ्यानं जन्मात दवाखान्याची पायरी चढली नव्हती. तो खाटेशेजारी नुसता बसून राहायला लागला, तेव्हा एका सकाळी तिनंच त्याला हाकललं.

"अहो, भिंती काय बघत बसलाय? दुकान उघडा, लोकांच्या गाड्या अडल्यात. इथे पोरगी आहे माझ्याजवळ. येताना माझ्या चपला तेवढ्या आणा."

दुपारी तो चपलांची पिशवी घेऊन आला, तर खाट रिकामी. चादर काढलेली, गादी दुमडलेली. शेजारच्या खाटेवर सिस्टर सलाईन लावत होती.

"ओ सिस्टर, इथली बाई कुठाय?"

"त्या? त्या मघाशीच डिस्चार्ज झाल्या," मान वर न करता ती म्हणाली.

तिच्या तोंडातून मी हसत निघालो होतो. त्याच्या कानात शिरेपर्यंत माझं मढं झालं. पिशवी छातीशी धरून तो मटकन त्या गादीवर बसला. रडायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून ओरडला.

"डिस्चार्ज कशी झाली? सकाळी तर माझ्यावर खेकसत होती! परत चार्जिंगला लावा की तिला!"

"चार्जेस ना? ते खाली काउंटरला भरायचे, काका."

"भरतो! घर विकून भरतो! पण ती परत चालू होईल का?"

"आवाज करू नका हो. तक्रार असेल तर इनचार्जना भेटा."

आमचं अख्खं खानदान बिचाऱ्यावर तुटून पडलं होतं. मी तळमळत होतो, पण आपला अर्थ आपल्यालाच कसा सांगणार?

तेवढ्यात दारातून आवाज आला, "अहो!"

चाकाच्या खुर्चीत म्हातारी, मागे ढकलणारी लेक. "लिफ्टपर्यंत ऐकू येतंय. कुणाशी भांडताय?"

तो पिशवीसकट उठला. "तू... तू डिस्चार्ज झालीस ना?"

"झाले की! म्हणून तर घरी चाललेय. चपला आणल्यात का?"

म्हातारा खाली वाकला आणि स्वतःच्या हातानं तिच्या पायांत चपला घालू लागला. डावी उजव्यात घातली. डोळे गळत होते आणि तोंड चालूच होतं, "ही काय बोलायची रीत झाली? घरी चालली असं सांगायला जीभ झिजते का यांची?"

सिस्टर ओशाळली. "चुकलं, काका," म्हणाली.

आता म्हातारी दुकानात खुर्ची टाकून बसते. जरा उठायला गेली की तो म्हणतो, "दमानं घे. घाईनं चार्जिंग केलं की आतल्या प्लेटा वाकतात."

"मी काय बॅटरी आहे?"

"बॅटरीला एवढं तोंड नसतं."

माझी मात्र तिथली नोकरी गेली. एखादं गिऱ्हाईक म्हणालंच, "काका, डिस्चार्ज झाली वाटतं," की तो फाडकन म्हणतो, "उतरली म्हण! डिस्चार्ज झालेलं माणूस घरी येतं."

मला वाईट वाटत नाही. काम दवाखान्यात भरपूर आहे, आणि चांगलं आहे. तुम्हीही मला खुशाल वापरा. फक्त ज्याचं माणूस खाटेवर आहे, त्याच्या अंगावर मला नुसता फेकून पुढे जाऊ नका. आधी म्हणा, "घरी न्या." मग मला म्हणा, नाहीतर म्हणूही नका. मी दाराशी उभा राहून त्यांना जाताना बघेन.