तेलात हरवणारी काच

डोळे मिटा बरं. आता एक भट्टी समोर आणा, खोलीएवढी मोठी. तिच्या पोटात लाल काच मधासारखी दाट होऊन उकळते आहे. ही भट्टी बिट्टीच्या मावशीची. तिथे प्रयोगशाळेची भांडी बनत, उकळतं ओतलं तरी न तडकणारी. हा गुण त्यांना काचेत घातलेल्या टाकणखार नावाच्या पांढऱ्या क्षारामुळे येतो, आणि टाकणखार येई जहाजातून, कारण मावशीच्या देशाच्या जमिनीत तो औषधालाही नव्हता.

एके वर्षी टाकणखार पाठवणाऱ्या देशाने विक्रीच थांबवली. गोदाम रिकामं होत आलं. भट्टी विझवावी, तर थंड होताना तिच्या आतल्या विटा फुटणार, आणि नवी बांधायची मावशीची ऐपत नव्हती.

"दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं, तर तहानही त्याच्या सोयीनं लागायला हवी," भट्टी सांभाळणारे मिस्त्री म्हणाले.

मावशीने विचार केला. आजवर आलेला टाकणखार फुटक्या भांड्यांमध्ये देशभर पडूनच होता की! ती काच पुन्हा वितळवली, तर पुन्हा जहाज येईतो भट्टी तगेल. शाळांना, दवाखान्यांना निरोप गेले. बिट्टीनेही जाड हातमोजे चढवून गल्ली पालथी घातली. टोपली भरेना, तेव्हा घरातल्या काचेच्या दोन धडधाकट बरण्याही तिने फोडल्या.

"बरण्यांनी काय घोडं मारलं होतं गं तुझं?" मिस्त्रींनी विचारलं.

मावशी हसली नाही. साधी काच यात मिसळली तर सगळी भांडी तडकतील, असं तिने समजावलं. मग वाडग्यात स्वयंपाकाचं तेल ओतून तिने फुटक्या परीक्षानळीचा तुकडा बुडवला. तुकडा दिसेनासा झाला. बिट्टीने चिमट्याने चाचपलं, तर तो तिथेच होता. या काचेतून आणि तेलातून उजेड सारखाच जातो, म्हणून डोळ्याला कड सापडत नाही. बरणीचा तुकडा मात्र तेलातही स्पष्ट दिसत राहिला.

बिट्टीने सगळी टोपली तपासली. तेलात हरवले ते अवघे मूठभर तुकडे. तिचं तोंड एवढंसं झालं.

"मूठभर तर मूठभर," मावशी म्हणाली. "तेवढ्यापुरतं तरी जहाजाकडे बघायला नको."

बिट्टीने वाडग्यातलं तेल झाकणाच्या डब्यात ओतलं, चिमटा खिशात घातला आणि शेजारचं दार वाजवलं. काकूंनी फुटका पेला पुढे केला. बिट्टीने तो टोपलीत टाकला नाही. पायरीवर बसून आधी डब्याचं झाकण उघडलं.