उताऱ्यातला घोडा

“उतारा वाचत बसायचं नाही!” मॅडम कडाडल्या. “किती वेळा सांगू? आधी प्रश्न बघायचा. त्यातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ उचलायची आणि उत्तर म्हणून खाली उतरवायची. संपलं!”

सतरंजीवरच्या चौथीच्या पोरांनी माना डोलावल्या. मॅडमची इंग्रजीची शिकवणी वर्षानुवर्षं या एकाच युक्तीवर चालली होती. पोरांना पैकीच्या पैकी मार्क, आयांना स्वर्ग दोन बोटं. मॅडमना या आयांचा मनस्वी तिटकारा होता. स्वतःला इंग्रजीचा गंध नाही, आणि दारात उभ्या राहून म्हणणार, ‘आमचा टेन्समध्ये जरा वीक आहे.’ गाढवाला गुळाची चव काय? यांची लायकीच असल्या शिकवणीची, असं म्हणत मॅडम तीच शिकवणी देत.

एक शिंप्याची मुलगी तेवढी उतारा वाचायची, तोही ओळीखाली बोट धरून. त्या दिवशीच्या उताऱ्यात एक मालक म्हाताऱ्या घोड्याला बाजारात विकायला नेत होता. पोरगी मध्येच मुसमुसायला लागली.

“काय झालं गं?”

“मॅडम, त्याला कळलंय विकणार ते. म्हणून तर तो पाणी पीत नाहीये.”

मॅडमनी पुस्तक ओढून घेतलं. इतकी वर्षं त्या हाच उतारा सोडवून घेत होत्या. घोडा पाणी पीत नाही, हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. बाकीच्यांना कामाला लावून त्या तिच्याशेजारी बसल्या आणि दोघींनी तो शेवटपर्यंत वाचला. कितीतरी दिवसांनी आपण शिकवतोय असं त्यांना वाटलं. फार बरं वाटलं.

शाळेच्या परीक्षेत पोरीने सगळी उत्तरं स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिली आणि आपटली. आई तणतणत आली.

“शेजारणीचा ढ मुलगा पैकीच्या पैकी आणतो, आणि हिचं हे! शिकवता की झोपा काढता?”

“अहो, तिला वाचलेलं समजतं. बाकीच्यांना तर...”

“समजून काय लोणचं घालायचंय? मार्क आणा. नाहीतर समोरच्या सरांकडे घालते तिला.”

सणसणीत उत्तर मॅडमच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ही गेली की तिच्यामागून चार आया जातील, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. “पुढच्या वेळी बघा,” एवढंच म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या आयांपेक्षा स्वतःचाच जास्त तिटकारा आला.

मग मॅडमनी उताऱ्यावर स्वतःचा तळहात ठेवून तिला घडवलं. “डोळे प्रश्नावर! गोष्टीत शिरायचं नाही!” पोरगी गुणाची, सांगितलेलं ऐकणारी. पुढच्या परीक्षेत तिलाही पैकीच्या पैकी पडले. आई हसतमुखाने येऊन आभार मानून गेली.

त्याच आठवड्यात मॅडमनी एक नवा उतारा दिला, पुरात घर गेलेल्या एका बाईचा. पोरीने सगळ्यांच्या आधी पेन्सिल खाली ठेवली.

“काय झालं गं त्या बाईचं?” मॅडमनी हळूच विचारलं.

पोरगी गोंधळली. तिने प्रश्नांवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग पुन्हा खालून वर.

“कितवा प्रश्न, मॅडम?”

मॅडमनी लाल पेन उचललं आणि तिची उत्तरं तपासली. सगळी बरोबर होती.