एक पूर्ण, एक अर्धं

आमचे हे चिकट आहेत, हे मी लग्नानंतर आठव्या दिवशी ओळखलं. माझ्या माहेरच्या ट्रंकेला बांधून आलेली सुतळी त्यांनी एकेक गाठ सोडवून सरळ केली, तिची गुंडी केली आणि खिळ्याला अडकवून ठेवली. चाळीस वर्षं झाली, ती सुतळी अजून घरात आहे.

नांदेडात तरोड्याकडच्या एका गल्लीत आमचं घर, आणि पुढच्या खोलीत यांची शिलाई मशीन. शेषेराव टेलर म्हटलं की कुणीही दाखवतं. सदऱ्याची कॉलर झिजली की हे ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवतात. स्वतःच्या सदऱ्यांच्या तर सगळ्याच उलटलेल्या. दुसऱ्यांदा उलटता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. कापडाच्या कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही, पण टूथपेस्टची नळी उभी कापायची असली की हेच ती कात्री काढतात. दुधाची पिशवी धुतलेलं पाणी चहात जातं. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीच्या पाठीवर बसते. मी तोंडानं कुरकुर करते, पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी पाव तास भांडणारी मीच. याच चिकटपणावर आमची लेक पुनम शिकली, नर्स झाली, उमरीला सुखानं नांदते. तेव्हा नावं ठेवायचा हक्क फक्त मला आहे, बाहेरच्यांना नाही.

दोन वर्षांपूर्वी एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. बातमी आली त्या दिवशी यांनी मशीन थांबवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आता भायेरगावची कामं तू बघायची. मला पूर्ण, तुला अर्धं. मी कशाला जाऊ?"

मला असा संताप आला! छप्पन्न वर्षांची मी, जन्मात एकटी बसमध्ये चढलेली नव्हते. जायचं ते यांच्या मागून, बसायचं ते यांनी दाखवलेल्या जागेवर. शेजारच्या दानम्माजवळ मी सगळं ओकले. "चार पैशासाठी बायकोला एकटीला धाडायलेत, बघ." दानम्मानं कपाळावर हात मारून घेतला.

पहिली खेप कंधारची. यांचे थोरले भाऊ, ग्यानोबा भाऊजी, तिथं शेती बघतात. आमच्या वाट्याची तूर आणायची होती. बस कंधारचीच आहे ना, हे मी तिघांना विचारलं. पिशवी छातीशी धरून बसले. कंधारचा किल्ला दिसला तेव्हा कुठं जिवात जीव आला. पण परत येताना मला खिडकी मिळाली, आणि काय झालं कोण जाणे, नांदेड येऊच नये असं वाटायला लागलं.

घरी आल्यावर मी इतकी बोलत सुटले की तव्यावरची भाकरी करपली. हे ताट पुढ्यात घेऊन बसले होते. करपलेल्या भाकरीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी थांबले की म्हणायचे, "मंग?" मी पुढं सांगायची. चाळीस वर्षांत मला "मंग?" असं कुणी विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं तरी काय?

नंतर मी उमरीला पुनमकडं गेले, हदगावला गेले, लातूरला यांच्या म्हाताऱ्या आत्याला बघायला गेले. दोन कंडक्टर मला ओळखायला लागले. कुठल्या स्टँडवरची भजी चांगली, हे मला वासावरून कळायचं. खाल्ली कधीच नाहीत, तेवढी मी यांचीच बायको. वरून मी कुरकुरत जायची, "यांच्यापायी माझे पाय झिजायलेत," म्हणायची. आतून मात्र आदल्या दिवसापासून नेसायचं पातळ काढून ठेवायची.

या मे महिन्यात पुनमचा फोन आला. "आई, जूनला बाबांना पासष्ट लागतेत. म्हाताऱ्या माणसाला बी अर्धं तिकीट असतंय. आता तेच जातील की. तुझी पायपीट सुटली बघ."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. लेकीनं मायेनं सांगितलं होतं, तिला काय बोलणार? मला फिरावंसं वाटतं, असं कोणत्या तोंडानं सांगू? मनाला वाटलं म्हणून आमच्या घरात कधी काही झालेलं नाही. जे झालं ते परवडतं म्हणून झालं. मी दोन दिवस घरात भांडी आदळत फिरले. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढता वाढता विचारलंच, "जूनपासून तुमचं बी अर्धं म्हणं?"

हे वरण कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "कुठलं? शाळंत गुरुजीनं माझं वय तीन वर्षं कमी टाकलंय. आधार कार्डावर तेच. अजून तीन वर्षं मला पूर्णच पडतंय. तूच जा."

आमच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर खरी तारीख कुणाची होती? मी लगेच पटवून घेतलं. इतकं बरं वाटलं की त्यांच्या वरणावर चमचाभर तूप जास्त सोडलं. "एवढं कशाला?" म्हणून त्यांनी अर्धं माझ्या ताटात काढलं.

जूनमध्ये या सालची तूर आणायला मी पुन्हा कंधारला गेले. भाऊजींचा गुडघा धरला होता, ते ओसरीवर पाय लांब करून बसले होते. मी डोक्यावर पदर घेऊन पाया पडले.

"शेष्या का आला न्हाई?" भाऊजींनी विचारलं. "मला हालता येईना, त्यानं तर यावं की. त्याला काय, अर्धं तिकीट हाय."

"त्यांचं कुठं? अजून तीन वर्षं हायेत," मी म्हटलं.

भाऊजी हसायला लागले. "कोण सांगितलं तुला? मी आठ वर्षांचा होतो शाळंत घातलं तवा. शेष्या पाचाचा. माझ्या मागं रडत आला, घरी जायला तयार न्हाई. गुरुजीनं त्याचं बी नाव घातलं अन् दोघाला माझीच तारीख लावली, एक जून. कागदावर आमी जुळे हाव, सिंधूबाई. बायकांचं झालं त्याच्या आधीच आमचं दोघाचं अर्धं झालतं."

मी तुरीची पिशवी उचलली आणि निघाले.

परतीच्या बसमध्ये पहिल्यांदा रागच आला. गेल्या वर्षी हदगावच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत यांनी पैसे पुढं करून सांगितलं होतं, "एक पूर्ण, एक अर्धं." कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं, तो खिसा त्यांनी स्वतः शिवलेला. सुतळीच्या गाठी सोडवणारा माणूस, दुधाच्या पिशवीतलं पाणी चहात घालणारा माणूस, आणि येता-जाता दोन्ही वेळा पूर्ण तिकीट?

मग उमजलं. यांचंही अर्धं आहे हे मला कळलं असतं, तर मला एकटीला धाडायला घरात कारणच उरलं नसतं. आणि कारणाशिवाय मी उंबरा ओलांडला नसता. आमच्याकडं कारण एकच चालतं, पैसे वाचतात. त्यांनी तेच माझ्या हातात दिलं होतं, आणि ते टिकावं म्हणून गाठीचे पैसे घातले होते. खिडकीतून वारा येत होता म्हणून बरं, डोळे पुसायला निमित्त झालं.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. गुडघा, पाऊस, पेरणी. वयाचं तेवढं सांगितलं नाही. हे मधून मधून "मंग?" म्हणत होते, आणि मला त्यांच्याकडं नीट बघवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भाऊजींच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं. बघून यायलाच हवं, म्हणून आम्ही दोघंही निघालो. मला खिडकीकडं बसवून हे कडेला बसले. कंडक्टर तरुण पोरगी होती. तिकिटाची मशीन घेऊन आली.

"कंधार. एक पूर्ण, एक अर्धं," हे म्हणाले.

तिनं यांच्या पांढऱ्या डोक्याकडं पाहिलं. "बाबा, पासष्ट झाले असतील की. कार्ड दाखवा, दोन्ही अर्धी देते."

"न्हाई झाले," हे म्हणाले, पण त्यांचा हात उगीचच आतल्या खिशावर गेला.

"बघा तर काढून. कशाला जास्तीचे पैसे घालून राहिले?" पोरगी भली होती, सोडायला तयार नव्हती. हे घुटमळले. त्यांना खोटं बोलायची सवय नाही. कॉलर उलटली तर गिऱ्हाइकाला उलटली म्हणून सांगतात.

"अगं बाई, न्हाई झाले त्यांचे," मी मधेच म्हटलं. "अजून तीन वर्षं हायेत. गुरुजीनं वय कमी टाकलंय. तू पूर्ण काढ."

तिनं खांदे उडवले आणि तिकिटं काढून दिली. माझ्या जन्मात मी जास्तीचा पैसा डोळ्यांसमोर जाऊ दिला नव्हता. त्या दिवशी गेला, आणि मला चांगलं वाटलं.

हे माझ्याकडं बघत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बस गावाबाहेर पडली. मग त्यांनी हळूच विचारलं, "ग्यानोबा काही बोलला व्हय तुला?"

"कशाबद्दल?" मी म्हटलं.

त्यांनी तिकिटांची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"काही न्हाई," ते म्हणाले. "सोमवारी लातूरला आत्याकडं जाऊन ये. मला पूर्ण पडतंय."