हशब्याचं अर्धं वाक्य

गेरा खोटं बोलला नव्हता. निदान वेशीत पंचांसमोर उभं राहताना त्याने स्वतःची तशी समजूत घातली होती.

देवाचा संदेष्टा हशब्या राजाला भर दरबारात चोर म्हणाला होता, कारण राजाने एका विधवेचा झरा आपल्या बागेला जोडला होता. राजाला शाप देणाऱ्याला दगडांनी ठेचून मारायची शिक्षा होती; म्हाताऱ्याचा काटा काढायचा, तर त्याने शाप दिल्याचे दोन साक्षीदार हवेत. एक राजाचा नोकरच होता. दुसऱ्यासाठी राजाचा कारभारी गेराच्या तेलघाण्यावर आला.

"तुझा भाऊ राजाच्या खाणीत वेठीला दगड फोडतोय ना? ऐकलंस तेवढं सांग, संध्याकाळी तो घरी."

गेराने ऐकलं होतंच. त्याच्याच घाण्यावर, त्याचीच भाकर तेलात बुडवत हशब्या म्हणाला होता, "राजाने झरा परत केला नाही, तर त्याच्या घरात दिवा लावायला कोणी उरणार नाही." वेशीत गेराने दिव्याचं सांगितलं आणि झऱ्याचं गिळून टाकलं.

"शब्द मागे घ्यायचाय?" पंचांनी विचारलं. "पण खोट्या साक्षीलाही शिक्षा हीच, लक्षात ठेव."

गेराने नकारार्थी मान हलवली.

"मग चल. पहिला दगड साक्षीदाराचा."

भावाला सोडवण्याच्या नादात ही रीत त्याच्या ध्यानातच राहिली नव्हती. वेशीबाहेर त्याने धोंडा उचलला आणि तो जमेल तितका लांब जाऊन उभा राहिला.

हशब्याने ते पाहिलं. "अरे गेरा, लांबून नेम चुकेल आणि माझे उगाच हाल होतील. जवळ ये बाबा."

आणि गेरा खरंच जवळ गेला. दगड मारल्यापेक्षाही याचीच लाज त्याला जास्त वाटली.

संध्याकाळी त्याचा भाऊ एलाद घरी आला. हाडांचा सापळा झाला होता, पण हसत होता. भाकर मोडता मोडता म्हणाला, "दादा, हशब्याबाबांना हाक मार ना. ताज्या तेलाचा वास आला की म्हातारा घरात थांबत नाही."

"ते येणार नाहीत."

"का? रुसलेत?"

मग गेराने सगळं सांगितलं. कारभारी, वेस, दगड. हशब्याचं वाक्यही सांगितलं, झऱ्यापासून दिव्यापर्यंत, एक शब्द न गाळता.

"असंच सांगितलंस पंचांना? झऱ्यासकट?"

"दिव्याचं तेवढं," गेरा म्हणाला.

एलादने तोंडापाशी नेलेला घास परत थाळीत ठेवला.