हळूकाकांचा भाला

माझं काम चुका शोधायचं. साहसपटांच्या सेटवर मी कॅमेऱ्याशेजारी बसते आणि नायकाच्या डाव्या गालावरची जखम उजव्या गालावर कशी गेली, असले प्रश्न विचारते. मी तोंड उघडलं की टेक पुन्हा घ्यावा लागतो, त्यामुळे मी कुणाचीच लाडकी नाही. एवढं करून एखादी चूक निसटलीच, तर चाहते ती हुडकून काढतात आणि म्हणतात, हा दिग्दर्शकाने मुद्दाम लपवलेला विनोद आहे. मेलेल्या राजाने जांभई दिली, विनोद. हजार वर्षं बंद असलेल्या गुहेत कुणाची तरी रबरी चप्पल राहिली, तोही विनोद. अशा लोकांशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

माझे बाबा याच चित्रपटांत मरतात. म्हणजे जमावातले सैनिक म्हणून. खजिना शोधायच्या एका चित्रपटमालिकेचे चार भाग झाले आणि चारही भागांत ते मेले: एकदा बाणाने, एकदा कड्यावरून, एकदा पुरात आणि एकदा नायकाची नुसती कोपरखळी लागून. मरणं हा त्यांच्या हातचा मळ. खोड एकच. पडण्याआधी ते हातातला भाला हळूच जमिनीवर ठेवायचे. भाले हलक्या लाकडाचे, एखादा मोडला की सेटवरचं सामान सांभाळणारा प्रॉपर्टीवाला सगळ्या मेलेल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि बाबांना कुणी ओरडलेलं सोसत नाही. त्यामुळे पोटात बाण घुसलेला हा माणूस आधी भाला नीट ठेवायचा आणि मग जीव सोडायचा. मी ते दिग्दर्शकाच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला, "मागच्या गर्दीत कोण बघतंय?"

चाहत्यांनी बघितलं. कुणीतरी चारही मरणं एकाला एक जोडून फोनवर फिरवली. सैनिकी टोपाखाली चेहरा दिसत नव्हता, पण भाला ठेवायची पद्धत तीच, तेव्हा माणूस एकच असणार हे त्यांनी ओळखलं आणि त्याचं नाव ठेवलं 'हळूकाका'. मुलाखतीत दिग्दर्शकाला याबद्दल विचारलं, तर तो गालातल्या गालात हसत म्हणाला, "सापडलं म्हणायचं शेवटी तुम्हाला!" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

पाचव्या भागात त्याने बाबांना जवळून शॉट द्यायचं ठरवलं. टोपाशिवाय. फक्त ते, भाला आणि कॅमेरा. आजवर पडद्यावर बाबांची पाठ आली होती, खांदा आला होता, चेहरा कधीच नाही. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आत्याला फोन झाला, "ताई, या वेळी तोंड दिसणार बरं का माझं!" शेजाऱ्यांना सांगून झालं, न्हाव्याला तर दोनदा. मला म्हणाले, "त्या दिवशी तू उगाच चुका काढत बसू नकोस."

"काका, नेहमी करता तसंच करा," दिग्दर्शक म्हणाला, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. नेहमी आपण काय करतो, हे बाबांना ठाऊकच नव्हतं. पहिल्या टेकला त्यांनी तान्हं बाळ निजवावं तसा भाला ठेवला. नंतर ठेवता ठेवता कॅमेऱ्याकडे पाहिलं, जमलं ना, असं विचारल्यासारखं. मग एकदा आधी मेले, भाला आठवला, डोळे उघडून तो ठेवला आणि पुन्हा मेले. लाईटवाले हसले. बाबाही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"दमलात काका," दिग्दर्शक म्हणाला. शॉट एका विनोदी नटाला गेला. बाबांनी नेहमीसारखं मागे तटापाशी मरायचं ठरलं. मला फार वाईट वाटलं. पण बोलणार काय? त्यांना जमत नव्हतं हे मलाही दिसत होतं.

"मागे तर मागे," बाबा म्हणाले आणि टोप न घालताच तटाकडे चालू लागले.

टेक सुरू झाला. विनोदी नटाने भाला ठेवला, भुवया उडवल्या, मेला. सगळे खूश. मागे बाबांनी आपला भाला दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर आपटला. दोन तुकडे झाले. एक त्यांनी इकडे भिरकावला, एक तिकडे, आणि मग ते मेले. लढाईच्या आरडाओरड्यात कुणाला पत्ता लागला नाही.

दिग्दर्शकाने माझ्याकडे वळून विचारलं, "काही चूक?"

याचं उत्तर द्यायचाच मला पगार मिळतो. मी खरं सांगितलं असतं, तर टेक पुन्हा झाला असता आणि बाबा त्यात नसते.

"काही नाही," मी म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

चित्रपट लागला आणि आठवडाभरात चाहत्यांनी पाठीखांद्यावरून बाबांना हुडकलं. पुढे नकली हळूकाका, मागे खरा, आणि खऱ्याने चक्क भाला मोडला! दिग्दर्शकाचा आजवरचा सर्वांत बारीक विनोद, असं ठरलं. "त्यावर आम्ही फार विचार केला होता," दिग्दर्शक म्हणाला. याला आता काय म्हणावं!

मी हे घरी वाचून दाखवलं तेव्हा बाबा खुर्चीत बसून पायाची नखं कापत होते.

"विनोद कसला आलाय?" ते म्हणाले. "मला राग आला होता गं."

"मला माहीत आहे, बाबा."

"मग लिही की तसं त्यांना."

मी लिहिलं: हा विनोद नाही, त्या माणसाला राग आला होता. थोड्याच वेळात कुणाचं तरी उत्तर आलं: "पटत नाही. चेहरा मोठा करून नीट बघा. हा माणूस रागावलेला नाही. याला रडू येतंय."

चाहत्यांचं म्हणणं मला आयुष्यात पहिल्यांदाच खरं वाटलं. ते बाबांना वाचून दाखवू नये असंही वाटलं, पण त्यांनी चष्मा लावून फोन माझ्या हातातून घेतलाच होता.

"एवढं दिसलं होय त्यांना?" ते म्हणाले. आणि मग दोन बोटांनी तो चेहरा मोठा करून बराच वेळ बघत बसले.