पुढच्याचा हात

कपडे लहान-मोठे करून देणाऱ्या त्या दुकानात कापड कमी आणि बातम्याच जास्त शिवल्या जात. कात्री ताईंकडे होती. बातम्यांचं खातं काज-बटण करणाऱ्या बाईंकडे. त्यांना सगळे काजबाई म्हणत. काजबाई सुईत दोरा ओवायला लागल्या की समजावं, आता काहीतरी बाहेर पडणार.

“ताई, काय दिवस आलेत बघा. आमच्या वरच्या मजल्यावर नर्स राहते ना, तिच्या मागे एक माणूस लागलाय.”

“लागलाय म्हणजे?”

“म्हणजे सायकलवर हो. ती सकाळी ड्यूटीला निघाली की हा कोपऱ्यावर उभाच. ती पुढे, हा मागे, थेट हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत. ती हळू गेली की हा हळू, ती जोरात गेली की हा जोरात. बोलत नाही, हसत नाही, ओलांडून पुढेही जात नाही. महिना होऊन गेला. पोरगी घाबरून अर्धी झालीय.”

“असेल कुणीतरी टवाळ पोरगा,” ताई म्हणाल्या.

“पोरगा कसला! पन्नाशी उलटलेला. हे हिरवट म्हातारे पोरांपेक्षा वाईट. पिवळं जॅकेट घालतो म्हणे, फाटकावरून पुढे निघून गेला की दिसते ती पाठीवरची चमकणारी पट्टी. तीसुद्धा धड नाही, मध्ये बोटभर फट.”

ताईंची कात्री चालतच राहिली. ती पट्टी त्यांनी स्वतः शिवली होती, नवऱ्याच्या जॅकेटवर. ऐन वेळी कमी पडली म्हणून मध्ये फट राहिली, आणि मागून येणाऱ्या गाडीला दिसल्याशी कारण, असं म्हणून त्यांनी ती तशीच सोडली होती. त्या भानावर आल्या तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा डावा पाय उजव्यापेक्षा चांगला वीतभर आखूड झाला होता.

“अगंबाई, पॅन्ट शिवताय की चड्डी?” काजबाई म्हणाल्या. ताई हसल्या. हसणं भाग होतं.

आता ताईंचे यजमान कसे, ते सांगायला हवं. ते बुकबाइंडर. जुन्या पुस्तकांना नवे पुठ्ठे चढवायचे, सुटलेली पानं शिवायची, खळ लावून दाबात ठेवायची, हे काम करत त्यांनी जन्म काढला. माणूस अबोल, पण सरळ. बाईच्या मागे लागणं सोडा, बाईने पत्ता विचारला तरी कानापर्यंत लाल होणारा. लग्नाआधी दोघांची ओळख झाली तीच मुळी रविवारी लांब फिरायला जाणाऱ्या सायकलवाल्यांच्या टोळक्यात. तिथे एक शिस्त होती. एकामागे एक चालवायचं आणि पुढच्याने हाताने रस्ता सांगायचा. कमरेमागे हात नेऊन बोट डावीकडे झटकलं की डावीकडे खड्डा, तळवा जमिनीकडे करून हलवला की खडी किंवा काच, मूठ पाठीवर टेकली की थांबा. मागच्याने पुढच्याच्या हातावर डोळे ठेवायचे आणि निर्धास्त पाय मारायचे. बाइंडर कायम पुढे असत. त्यांच्या हाताच्या खुणा बघत बघतच ताई त्यांच्या प्रेमात पडल्या, असं त्यांच्या बहिणी अजून चिडवतात.

वर्षभरापासून मात्र दोघं सायकलवर निघाली की बाइंडर मागे राहायला लागले होते. “तू हो पुढे. तुझा वेग मला बरा पडतो,” असं म्हणायचे. ताईंना वाटलं, चला, उशिरा का होईना, बायकोची किंमत कळली. त्या कौतुकाने पुढे झाल्या होत्या. आता काजबाईंचं ऐकल्यावर तेच वाक्य त्यांना कुजकट वाटायला लागलं. बायकांच्या मागून जायची चटक लागलीय की काय यांना?

एकदा संशय आला की घरातली प्रत्येक गोष्ट साक्ष द्यायला उभी राहते. हल्ली ते लवकर निघत. आदल्या संध्याकाळीच चाकात हवा भरत, साखळीला तेल देत, ब्रेक दाबून दाबून पाहत, लग्नाला जायच्या घोड्यासारखी सायकल सजवून ठेवत. आणि घरात मात्र चिडचिड. टेबलाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा ग्लास त्यांच्या कोपराने पडे आणि वर हेच ओरडत, “वाटेत कशाला ठेवतेस?” दाराच्या चौकटीला खांदा आपटला तरी दोष ताईंचा. बाहेर जीव रमला की घरचं सगळं टोचायला लागतं, हे ताईंनी चार घरी पाहिलं होतं. आपल्या घरी पाहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “हल्ली कुठल्या रस्त्याने जाता हो कामावर?”

“नेहमीच्याच. कालव्याच्या.”

कालव्याचा रस्ता गेले कित्येक आठवडे खणून ठेवला होता. दुकानात येणारी अर्धी गिऱ्हाइकं त्याच्या नावाने बोटं मोडत होती. ताईंनी वाढलं, स्वतः दोन घास खाल्ले, आणि मनाशी ठरवलं की उद्या आपल्याच डोळ्यांनी बघायचं.

सकाळी बाइंडर निघाले आणि ताई मागच्या बोळातून त्यांच्या मागावर निघाल्या. या वयात नवऱ्याचा पाठलाग! त्यांची त्यांनाच लाज वाटत होती. त्यात घाईघाईत सीट खाली करायची राहून गेली होती. आदल्या दिवशी भाच्याने सायकल नेली होती आणि त्याच्या उंचीवर सीट तशीच होती. त्यामुळे थांबलं की टाचा टेकत नव्हत्या. फजितीला काही कमी नको होतं.

आणि बोळ संपला तो नेमका कोपऱ्यावर. समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, बाइंडर सायकलवर बसून एक पाय फूटपाथला टेकून उभे. ताईंनी चवडे टेकून कशीबशी सायकल थांबवली. आता सापडले! पण बाइंडरांनी मान वळवली नाही. ते नाकासमोर रस्त्याकडे बघत होते, असे की जणू बाजूला बायको नाही, भिंत आहे. इतके गुंतलेत, ताईंना वाटलं, की मी शेजारी उभी आहे हेही यांना कळेना. एवढं दुखलं त्यांना, की हाक मारावी आणि सगळं तिथेच संपवून टाकावं असं झालं.

तेवढ्यात ती आली. पांढऱ्या गणवेशावर निळा स्वेटर, डोक्यावर हेल्मेट, सायकलच्या मागे लाल दिवा उघडझाप करतोय. दिसायला चारचौघींसारखी, डोळ्यांखाली अपुऱ्या झोपेची काळी वर्तुळं. कोपऱ्यावर बाइंडर उभे आहेत हे बघून तिचा चेहरा उतरला. तिने पायांचा जोर वाढवला आणि बाइंडर तिच्या मागे लागले.

ताई दोघांच्या मागे. पोरगी घाबरली होती, हे तिच्या पाठीवरूनही कळत होतं. दर थोड्या वेळाने ती मागे बघे आणि पुन्हा पाय मारी. ताईंना तिच्या जागी आपली भाची दिसली आणि नवऱ्याची खरोखर किळस आली.

मग त्यांना एक गोष्ट दिसली. रस्त्यात गटाराचं झाकण खचलेलं होतं, आणि त्या भ्यालेल्या पोरीचा हात कमरेमागे गेला, बोट डावीकडे झटकलं गेलं. बाइंडर उजवीकडे झाले. पुढे उभ्या मोटारीचं दार उघडत होतं. पुन्हा हात. बाइंडर पुन्हा बाजूला. तीही कधी ना कधी अशाच टोळक्यात चालवणारी असणार. ज्याला ती सवय लागली त्याचा हात मागे भूत असलं तरी जातोच. पण ताई तिच्याकडे बघत नव्हत्या, नवऱ्याच्या मानेकडे बघत होत्या. ती मान हलत नव्हती. इतक्या गर्दीत माणूस दहादा इकडेतिकडे बघतो. हा माणूस एकदाही बघत नव्हता.

पुढे डावीकडून एक रस्ता येऊन मिळत होता. सिग्नल नव्हता. नर्सने डावीकडे पाहिलं, लांबून टेम्पो येत होता, ती वेळेत निघून गेली. तिला हात दाखवायचं कारणच नव्हतं. बाइंडर तिच्या मागोमाग, त्याच चालीने, त्याच सरळ मानेने त्या रस्त्यात शिरले.

“अहो! डावीकडे! थांबा!”

ताई आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडल्या नसतील. बाइंडरांनी ब्रेक दाबले ते बायकोच्या आवाजाने. टेम्पो त्यांना तोवर दिसलाच नव्हता. टेम्पो करकचून थांबला तो त्यांच्या गुडघ्यापाशी. तेव्हा त्यांनी पूर्ण मान वळवली, खांद्यासकट, आणि अंगाला लागून उभ्या असलेल्या त्या अख्ख्या टेम्पोकडे असे बघत राहिले, जणू तो आत्ता जमिनीतून वर आलाय.

ताईंना सगळं एकदम कळलं. ग्लास, दाराची चौकट, “तू हो पुढे”, आणि कोपऱ्यावर हाताच्या अंतरावर उभी असलेली मी. यांना कडेचं दिसत नाही. एवढं कळलं आणि हातातली सायकल तिथेच आडवी झाली.

टेम्पोवाल्याने तोंड सोडलं. माणसं जमली. त्या माणसांचा आधार वाटला असावा, नर्सही परत आली. महिनाभराची भीती तिच्या आवाजात होती.

“काय हवंय काय तुम्हाला? रोज माझ्या मागे का येता? माझ्या वडिलांच्या वयाचे आहात, लाज नाही वाटत?”

“काय, बाईच्या मागे लागतो काय हा?” गर्दीतल्या एकाने बाइंडरांची कॉलर धरली.

ताईंना वाटलं, आता सांगतील. आता तरी सांगतील. बाइंडरांनी मान खाली घातली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “उद्यापासून नाही येणार.”

एवढंच. भर रस्त्यात, कॉलर धरलेली असताना, तो सरळ माणूस स्वतःला लंपट म्हणवून घ्यायला तयार झाला. पण दिसत नाही एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून फुटेनात. ताईंनी त्या क्षणी काय काय गिळलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्या गप्प राहिल्या असत्या तर नवऱ्याची अब्रू गेली असती, पण सायकल राहिली असती. उद्या दुसरा कोपरा, दुसरं कुणीतरी पुढे.

“सोडा त्यांना,” ताई म्हणाल्या. “मी बायको आहे त्यांची. त्यांना दिसत नाही हो. कडेचं काही दिसत नाही. कामावर जाताना तुमचा हात बघून चालवत होते.”

कॉलरवरचा हात सुटला. कुणीतरी चुकचुकलं. त्या चुकचुकण्याने बाइंडर जसे खचले तसे शिवीने खचले नव्हते. त्यांनी ताईंकडे पाहिलं, आणि उभ्या संसारात त्यांनी ताईंकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

नर्स म्हणाली, “काका, एका शब्दाने विचारायचं होतंत. मी रोज थांबले असते तुमच्यासाठी. तुम्हाला दिसत नव्हतं, पण मला दिसत होतं ना, रोज मागे एक माणूस.” तिचे डोळे भरून आले, पण राग पुरता गेलेला नव्हता आणि जायचं कारणही नव्हतं. ताईंनी तिच्यापुढे हात जोडले. तिने ते खाली केले आणि ती ड्यूटीला निघून गेली.

दोघं सायकली हातात धरून घराकडे चालत निघाली. बाइंडर उजवीकडे, ताई त्यांच्या डाव्या हाताला.

“काचबिंदू आहे,” ते समोर बघत म्हणाले. “डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे आणि आहे ती सांभाळायची. बाटली कामावर ठेवतो. सायकल सोडा म्हणाले. आज सायकल सोडायची, उद्या कातडं कापायची सुरी सोडायची, परवा एकट्याने बाहेर पडायचं सोडायचं. मग राहिलं काय? तू मला तसलाच ठरू दिलं असतंस तर चाललं असतं.”

“तसल्या नवऱ्याशी भांडत संसार केला असता मी,” ताई कशाबशा म्हणाल्या. “टेम्पोखाली गेलेल्याशी कसा करणार?”

ताईंना रडू आवरेना. हुंदका बाहेर पडू नये म्हणून त्यांनी पदर तोंडात धरला होता, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. समोरून येणारी माणसं वळून वळून बघत होती. एक म्हातारी तर थांबलीच. बाइंडर हातभर अंतरावर नाकासमोर बघत चालत होते.

“एक बरं केलंस,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “रडली नाहीस. तू रडली असतीस तर मला सोसलं नसतं.”

ताई चार पावलं चालल्या. पदराने डोळे पुसून सरळ आवाजात म्हणाल्या, “पुढे फूटपाथ उंच आहे. चाक उचलून घ्या.”